उन्हाळी शिबिराची पारख

चंदीगड हे शहर ल कॉर्बूझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार निरनिराळ्या सेक्टरांत विभागलेले आहे. सर्वसाधारण सेक्टर सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असतो. बाजार, शाळा, हिरवळीचा पट्टा अशा रोजच्या गरजेच्या गोष्टी सेक्टरच्या आतच असाव्यात आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला वेगवान वाहतुकीचा रस्ता ओलांडावा लागू नये, अशी या रचनेमागील कल्पना होती. मुलाची आवड शाळेच्या कक्षेबाहेरची असली, म्हणजे मात्र पालकांना सेक्टरची सीमा ओलांडून शोधास निघावे लागते.

सेक्टर ३९ मध्ये राहणारे एक मराठी कुटुंब उदाहरणादाखल कल्पू या. वडील याच सेक्टरमधील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत नोकरीस आहेत. आई शिक्षिका आहे. सुट्टीनिमित्त अमरावतीहून आजोबा आलेले आहेत. मुलगा आठ वर्षांचा आहे. तो पलंगावर कोलांट्या मारतो, दाराच्या चौकटीला लोंबकळतो, भिंतीला पाय टेकवून हातांवर उभा राहतो. महाराष्ट्रातील शाळा साधारणतः मे महिन्याच्या सुरुवातीपासून सुट्टीवर असतात. चंदीगडमधील मुलांची मोठी सुट्टी साधारणतः जून महिन्यात पडते. त्या सुमारास वर्तमानपत्राच्या घडीतून शिबिरांची पत्रके घरात येऊ लागतात. त्यांपैकी दोन पत्रके जिम्नॅस्टिक्सची आहेत. दोहोंची मुदत चार आठवडे आहे आणि शुल्कातही मोठा फरक नाही. निवड कोणत्या कसोटीवर करावी, हा या कुटुंबापुढील प्रश्न आहे.

प्रश्न वरकरणी लहान दिसतो. तथापि जिम्नॅस्टिक्स हा खेळ जमिनीपासून वर, डोके खाली व पाय वर अशा स्थितीत खेळला जातो. चुकीच्या हाती पडलेल्या मुलाचे मनगट किंवा मान एका क्षणात दुखावू शकते. त्याहून अधिक वेळा घडणारी हानी अशी, की मुलाच्या मनात भीती बसते आणि एका चांगल्या खेळाची आवड महिन्याभरात मावळते. म्हणून निवड करण्यापूर्वी हा खेळ काय आहे, एका महिन्यात त्यातले काय शिकता येते आणि चांगले शिबिर कोणत्या खुणांवरून ओळखावे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

खेळाचे स्वरूप

पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये सहा प्रकार असतात: फ्लोअर म्हणजे जमिनीवरील कसरती, पॉमेल हॉर्स, रोमन रिंग्ज, व्हॉल्ट, डबलबार आणि सिंगलबार. स्पर्धेतील फ्लोअर १२ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. सिंगलबारची दांडी जमिनीपासून २ मीटर ८० सेंटिमीटर उंचीवर असते; डबलबार २ मीटर उंच असतो; व्हॉल्टचे टेबल १ मीटर ३५ सेंटिमीटर असते. ही सर्व मापे प्रौढ खेळाडूंसाठी ठरविलेली आहेत. आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने सिंगलबार त्याच्या उंचीच्या दुपटीहून अधिक वर असतो. मुलांना शिकविणाऱ्या केंद्रात साधने ठेंगणी करण्याची सोय असावी लागते, ती या कारणासाठी.

आधुनिक जिम्नॅस्टिक्सच्या इतिहासात फ्रीडरिश यान या जर्मन शिक्षकाचे नाव प्रथम घेतले जाते. त्याने १८११ साली बर्लिनजवळ हाझेनहाइडे येथे मुलांसाठी उघडे व्यायामांगण सुरू केले. डबलबारसारखी साधने त्याच्याच प्रयत्नांतून रूढ झाली. साधारण त्याच सुमारास, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली. दोन दूरच्या प्रदेशांत एकाच काळी शरीर उचलण्याच्या व तोलण्याच्या कला आकार घेत होत्या, ही गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे. पुढे १९१४ मध्ये अमरावतीस स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९२४ मधील पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ, १९२५ मधील दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर अशा संस्थांनी ही परंपरा शहरी मुलांपर्यंत पोहोचविली. अमरावतीच्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविण्यास गेले होते. समर्थ व्यायाम मंदिराचे मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या कल्पित कुटुंबातील आजोबांनी अशाच वातावरणात दंडबैठका काढलेल्या आहेत. गाद्या, मॅट यांविषयीची चर्चा ऐकून ते म्हणतात, की आमच्या तालमीत यांतले काहीच नव्हते. त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु त्यांच्या आठवणीतील एक तपशील या ठिकाणी पुढे आणला पाहिजे. कुस्तीचा हौदा दररोज खणून भुसभुशीत केला जात असे. त्या लाल मातीत तेल, हळद, ताक घालून ती मऊ राखली जाई. ही निगा शोभेसाठी नव्हती. पडणाऱ्या अंगाला इजा होऊ नये, हाच तिचा हेतू होता. पडणे हा शिक्षणाचा भाग आहे आणि त्यासाठी जमीन तयार ठेवावी लागते, हे जुन्या वस्तादांना पूर्णपणे ठाऊक होते. आजची गादी त्या मातीचेच काम करते.

एका महिन्यात काय साधते

शिबिराची निवड करताना पालकांची सर्वांत मोठी चूक होते ती अपेक्षेच्या बाबतीत. पहिल्या पत्रकात ‘चार आठवड्यांत बॅकफ्लिप’ असे आश्वासन ठळक अक्षरांत छापलेले आहे. मुलाने तेच प्रथम वाचले आणि त्याचे मन तेथेच बसले. या आश्वासनाची शहानिशा साध्या हिशेबाने करता येते. आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास, असे चार आठवडे धरले, तर एकूण ३० तास होतात. त्यातून अंग तापविण्याचा व शेवटी सैल करण्याचा वेळ वजा केला, तर प्रत्यक्ष शिक्षणास सुमारे २० तास उरतात.

हे २० तास दीपा कर्माकर हिच्या वाटचालीशेजारी ठेवून पाहावेत. आगरतळ्याच्या या मुलीने वयाच्या सहाव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सला प्रारंभ केला. तिचे तळपाय सपाट होते, आणि उडी मारून स्थिर उतरण्याच्या दृष्टीने ती मोठीच अडचण होती. प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षे पायाभूत तयारी केली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्रोडुनोव्हा ही व्हॉल्टमधील अत्यंत अवघड उडी घेऊन तिने १५.०६६ गुण मिळविले, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. कांस्यपदक तिच्या हातून अवघ्या ०.१५० गुणांनी निसटले. लोकांनी दूरदर्शनवर पाहिली ती काही सेकंदांची उडी. तिच्यामागे सोळा-सतरा वर्षे उभी होती.

मुलग्यांच्या बाबतीत तर घाईला कारणच नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे पुरुषांच्या वरिष्ठ गटात खेळण्यासाठी त्या वर्षात वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. महिलांसाठी ही मर्यादा १६ वर्षांची आहे. रिंग्ज, पॉमेल हॉर्स व सिंगलबार या प्रकारांना लागणारी खांद्याची व हातांची ताकद मुलग्यात पौगंडावस्थेनंतरच येते. आठ वर्षांच्या मुलापुढे दहा वर्षे मोकळी आहेत. त्याला पहिल्याच महिन्यात मागे उडी मारावयास लावून काहीही कमावले जात नाही.

तर मग एका महिन्यात काय साधते? मूल नीट पडावयास शिकते. पुढची व मागची कोलांटी, भिंतीच्या आधाराने हातांवर उभे राहणे, हातांच्या आधारे बाजूने चक्राकार फिरणे, दांडीला लोंबकळून शरीर ताठ ठेवणे, बुटक्या पेटीवरून उडी मारून दोन्ही पायांवर स्थिर उतरणे, एवढे बहुतेक निरोगी मुलांना जमते. याखेरीज रांगेत थांबणे, दुसऱ्याचा प्रयत्न पाहणे आणि न जमलेली गोष्ट उद्या पुन्हा करून पाहणे, या सवयी लागतात. पुढे त्या मुलाने जिम्नॅस्टिक्स सोडून हॉकी किंवा कुस्ती धरली, तरी ही शिदोरी वाया जात नाही.

पाळ्या मोजाव्यात

शिबिरात नाव घालण्यापूर्वी पालकांनी तेथील एक पूर्ण तास स्वतः पाहावा. ही अट जे शिबिर मान्य करीत नाही, त्याचा विचार तेथेच सोडून देणे श्रेयस्कर. पाहताना इमारत, रंगीत पोशाख, भिंतीवरील चषक यांकडे लक्ष न देता एका मुलावर नजर ठेवावी आणि तासाभरात त्याला किती वेळा प्रत्यक्ष कृती करावयास मिळते, ते मोजावे.

आपल्या उदाहरणातील आईने नेमके हेच केले. पहिल्या ठिकाणी मोठे सभागृह होते, ट्रँपोलिन होता, संगीत चालू होते. तीस मुले एका रांगेत उभी होती आणि प्रशिक्षक एक होता. प्रत्येक मुलाची पाळी साधारण अर्धा मिनिट चाले. म्हणजे तासाभरात १२० पाळ्या आणि प्रत्येकाच्या वाट्यास चार. उरलेली ५८ मिनिटे मूल रांगेत उभे. कंटाळलेली मुले मागच्या मागे एकमेकांना ढकलीत होती, आणि अपघात बहुधा अशाच वेळी होतात. दुसरे ठिकाण साधे होते. तेथे मुलांचे आठ-आठांचे गट केलेले होते आणि प्रत्येक गटाला एक शिक्षक होता. त्याच हिशेबाने तेथे मुलाला तासात १५ पाळ्या मिळत होत्या. शिवाय गटातील मुले थांबण्याच्या वेळात दांडीला लोंबकळणे, पाठीवर पडून पाय उचलणे असे काही ना काही करीत होती. शुल्क जवळपास सारखे असले, तरी एका ठिकाणी त्याच पैशांत जवळजवळ चौपट शिक्षण मिळत होते. पत्रके वाचून हा फरक कधीच कळला नसता.

शिक्षकाची पारख

चंदीगडपासून सुमारे ७० किलोमीटर अंतरावर पतियाळा येथे, मोतीबाग राजवाड्यात, १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. आज ती नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था या नावाने ओळखली जाते. देशातील प्रशिक्षकांच्या शिक्षणाचे हे प्रमुख केंद्र होय. तेथे प्रशिक्षकाची पदविका वर्षभराची असते. त्याखेरीज सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रमही असतो. दोन्ही उपयुक्त आहेत, पण दोन्ही एक नव्हेत. ‘पतियाळाचे प्रशिक्षित’ एवढेच पत्रकात लिहिलेले असेल, तर शिक्षण कोणते, कोणत्या खेळातले आणि किती मुदतीचे, हे विचारण्यात अनौचित्य नाही. चंदीगड प्रशासनाच्या क्रीडा विभागाकडूनही विविध खेळांची प्रशिक्षण केंद्रे चालविली जातात. खासगी पत्रकावर निर्णय घेण्यापूर्वी तेथे चौकशी करणे केव्हाही चांगले.

प्रमाणपत्रापेक्षा निराळी अशी दुसरी एक पारख आहे, आणि ती डोळ्यांनी करावयाची असते. कृती चालू असताना शिक्षक कोठे उभा राहतो, ते पाहावे. हातांवर उभे राहणाऱ्या मुलाच्या बाजूला, त्याच्या मांडीशी व कमरेशी हात तयार ठेवून जो उभा राहतो, त्याला आपले काम समजते. दूर खुर्चीवर बसून शिट्टी वाजविणारा मनुष्य स्वतः कितीही पदके मिळविलेला असो, नवशिक्या मुलांच्या उपयोगाचा नाही. चांगला खेळाडू आणि चांगला शिक्षक या दोन वेगळ्या योग्यता आहेत.

मुलाने चूक केली असता शिक्षक काय बोलतो, हेही ऐकावे. ‘हनुवटी छातीला लाव’, ‘कोपर वाकवू नकोस’ अशी नेमकी सूचना मुलाला पुढच्या पाळीत उपयोगी पडते. ‘घाबरट’, ‘तुला काही यायचे नाही’ या शब्दांनी त्याच्या हाती काहीच लागत नाही.

पडण्याचे शिक्षण

कोणत्याही शिबिराची पहिली दोन-तीन दिवसांची टिपणे मागून पाहिली, तर त्यांत पडण्याचे शिक्षण आहे की नाही, हे कळते. उंचावरून उतरताना गुडघे किंचित वाकवून दोन्ही पायांवर उतरावे. तोल गेल्यास त्याच दिशेने गोल होऊन लोळून जावे. मागे पडताना हनुवटी छातीशी घ्यावी व हात छातीवर ठेवावेत, हे धडे प्रथम दिले जातात. मागे पडणारे मूल स्वाभाविकपणे हात मागे टेकविते. कोपर ताठ ठेवून टेकविलेल्या अशा हातावर सगळे वजन आले, म्हणजे मनगट मोडते किंवा कोपर निखळतो. ही स्वाभाविक हालचाल सरावानेच बदलावी लागते.

वाढत्या वयातील मुलांच्या हाडांची टोके पूर्ण घट्ट झालेली नसतात. तेथे मऊ कूर्चेची एक पट्टी असते आणि हाड तिच्या ठिकाणी लांबीने वाढते. मुलग्यांमध्ये ही पट्टी साधारणतः सोळा ते अठरा वर्षांपर्यंत उघडी असते. जिम्नॅस्टिक्समध्ये हातांना पायांचे काम करावे लागत असल्याने मनगटाजवळील या पट्टीवर वारंवार भार येतो. म्हणून मनगट, कोपर, टाच किंवा पाठीचा खालचा भाग सतत दुखतो अशी तक्रार मुलाने केली, तर ‘सवय होईल’ म्हणून ती उडवून लावू नये. सराव थांबवून डॉक्टरांस दाखवावे. स्नायूंचे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. हाडाच्या टोकाशी राहिलेले दुखणे ही वेगळी गोष्ट आहे.

काही दृश्ये दिसताच पालकांनी शिबिर बदलावे. शिक्षक मुलाच्या खांद्यांवर किंवा मांड्यांवर आपले वजन टाकून त्याचे पाय जबरीने फाकवीत आहे; ट्रँपोलिनवर एकाच वेळी दोन-तीन मुले उड्या मारीत आहेत; पुढची कोलांटी सरळ न येणाऱ्या मुलाला मागे उडी मारण्यास सांगितले जात आहे; रडणाऱ्या मुलाला सर्वांसमोर उभे केले आहे. यांपैकी एकही गोष्ट शिस्त या नावाखाली मान्य करण्याजोगी नाही.

जागा, साधने आणि ऊन

साधनांची तपासणी ही बारीकसारीक बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील घटना आठवावी. महिलांच्या वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेच्या अंतिम फेरीत व्हॉल्टचा हॉर्स नियत उंचीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली बसविला गेला होता. जगातील उत्तमोत्तम खेळाडू एकामागून एक चुकू लागल्या, काही पडल्या. अखेर ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटर हिने उंचीविषयी शंका घेतली, तेव्हा मोजणी होऊन चूक उघडकीस आली. ऑलिंपिकच्या सभागृहात, पंचांच्या डोळ्यांदेखत जर असे घडते, तर गल्लीतील सभागृहात रोज सकाळी स्क्रू, साखळ्या व गाद्यांचे सांधे तपासले जातात की नाही, हे विचारणे अनाठायी नाही.

दोन गाद्यांच्या मध्ये फट असू नये. घोट्याच्या दुखापतीचे ते एक नेहमीचे कारण असते. सिमेंटच्या जमिनीवर अंथरलेली सतरंजी किंवा योगासनांची पातळ चटई ही गादी नव्हे. दांडीखालची गादी दोन्ही बाजूंना पुरेशी पसरलेली असावी. भिंत, खांब, खिडकीची काच उडीच्या वाटेत असू नये.

यापुढचा विचार हवेचा. जूनमध्ये चंदीगडचे तापमान अनेकदा ४० अंशांच्या वर जाते आणि पाऊस येतो तो महिन्याच्या अखेरीस. पत्र्याच्या छताखालील बंद सभागृह दुपारी भट्टीसारखे तापते. म्हणून शिबिराची वेळ सकाळी लवकरची किंवा सूर्यास्ताच्या सुमाराची असावी. शरीराला नव्या उष्णतेत श्रम करण्याची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात हलके काम देणारा शिक्षक मुलांचे लाड करीत नसतो, तो शरीराचा नियम पाळीत असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पिण्यासाठी सुट्टी असावी. पाणी मागणाऱ्या मुलाला ‘नंतर’ म्हणून रोखणे ही जुनी आणि धोक्याची रीत आहे. सभागृहात प्रथमोपचाराची पेटी कोठे आहे, बर्फ आहे काय, पालकांचे दूरध्वनी क्रमांक कोणाजवळ आहेत, अपघात झाल्यास मुलाला कोणत्या रुग्णालयात नेले जाईल, हे चार प्रश्न नाव घालतानाच विचारावेत. ज्यांनी या गोष्टींचा विचार केलेला असतो, ते लगेच उत्तर देतात.

मुलाचे मन आणि त्याची सुरक्षितता

जिम्नॅस्टिक्समध्ये शिक्षकाला मुलाच्या अंगाला हात लावून आधार द्यावाच लागतो. तेव्हा योग्य स्पर्श कोणता, हे पालकांनी मुलाला आधीच समजावून सांगितले पाहिजे. आधार सर्वांसमोर, कृतीपुरता आणि कोठे धरणार हे सांगून दिला जावा. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाशी अनेक वर्षे संबंधित असलेल्या एका डॉक्टरला मुलींवरील अत्याचारांबद्दल २०१८ मध्ये दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. पीडितांनी वेळोवेळी केलेल्या तक्रारी मोठ्यांनी दुर्लक्षिल्या होत्या, ही त्या प्रकरणातील सर्वांत खेदजनक बाब होय. मुलगे अशा धोक्यापासून मुक्त असतात, असे समजण्यास आधार नाही. भारतात २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा मुलगे व मुली या दोघांनाही लागू आहे. सभागृहाचे दार उघडे असणे, पालकांना केव्हाही येऊन बसता येणे, एकाच मुलाला एकटे थांबवून न घेणे, या साध्या नियमांनी पुष्कळ धोका टळतो.

भीतीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. २०२१ साली तोक्यो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत सिमोन बाइल्स हिने एका उडीनंतर माघार घेतली. हवेत असताना आपल्या शरीराचे भान हरपत आहे, असे तिला जाणवले होते. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला परतून तिने पुन्हा सुवर्णपदके जिंकली. जगातील श्रेष्ठ खेळाडूला जर ‘आज नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आहे, तर तो आठ वर्षांच्या मुलालाही असला पाहिजे. भीती ही पुष्कळदा शरीराने दिलेली योग्य सूचना असते. शहाणा शिक्षक अशा वेळी कृतीची एक पायरी खाली उतरतो, गादी वाढवितो, आधार देतो आणि मूल स्वतः तयार होईपर्यंत थांबतो.

निर्णय

आता पुन्हा सेक्टर ३९ मधील घराकडे वळू. वडिलांचा कल पहिल्या शिबिराकडे होता, कारण तेथील साधने नवी होती. आजोबांना तेथील एका रांगेतली शिस्त भावली होती. आईने पाळ्यांचा हिशेब कागदावर मांडून दोघांपुढे ठेवला. दुसऱ्या ठिकाणी मुले पेटीवरून उडी मारून पुनःपुन्हा लोळत होती, हे तिने सांगितले, तेव्हा आजोबांना हौद्यातील माती आठवली आणि वस्ताद पहिले कित्येक दिवस नुसते पडावयास लावीत, तेही आठवले. एवढ्यावर मोठ्यांचे एकमत झाले.

उरला तो मुलगा. त्याला बॅकफ्लिप हवी होती आणि दुसऱ्या शिबिराच्या पत्रकात तिचे नावही नव्हते. अशा प्रसंगी निर्णय लादून मोकळे होणे सोपे असते. परंतु ज्याच्या अंगाने हा खेळ खेळावयाचा, त्याची इच्छा दुर्लक्षून चालत नाही. आईवडिलांनी मुलाला बरोबर नेले आणि त्याचा प्रश्न त्यालाच शिक्षकांना विचारू दिला. शिक्षकांनी हसून न उडविता उत्तर दिले: प्रथम हातांवर सरळ उभे राहावयाचे, मग तेथून सावकाश कमान टाकावयाची, मग आधाराने मागे जावयाचे, यांतली पहिली पायरी या महिन्यात, उरलेल्या पुढे, आणि किती दिवसांत ते तुझ्या खांद्यांवर अवलंबून. त्यानंतर त्यांनी त्याला बुटक्या दांडीला लोंबकळावयास सांगितले. मुलगा वीस आकडे मोजेपर्यंत टिकला. तीस मोजेपर्यंत टिकता येईल काय, असे त्याने स्वतःच विचारले. घरी परतताना त्याने पहिल्या पत्रकाचा विषय काढला नाही.

शिबिर संपताना बहुतेक ठिकाणी पालकांसमोर प्रात्यक्षिके होतात. त्या दिवशी आपल्या मुलाने इतरांपेक्षा काय अधिक केले, हे पाहण्याचा मोह आवरावा. पहिल्या दिवशी तो कसा उतरत होता आणि आज कसा उतरतो, एवढेच पाहावे. गुडघे वाकवून, आवाज न करता, दोन्ही पायांवर तो उतरला आणि पुन्हा पेटीवर चढण्यास धावला, तर महिना सार्थकी लागला असे समजावे. जुलैमध्ये शाळा सुरू झाल्यावर नियमित वर्गात जावे काय, हे त्यानंतर त्याच्याशी बोलून ठरवावे. आठवड्यातून दोन-तीन दिवसांचा वर्ग या वयास पुरेसा असतो, आणि उरलेल्या दिवशी सेक्टरमधील हिरवळीवर त्याने मित्रांबरोबर मनसोक्त खेळावे.